ब्रेक मारताना गाडी थरथरते? डिस्क बदलण्याआधी या चुका टाळा

मोकळ्या रस्त्यावर ८०-९० च्या वेगात ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थरथरतं, वेग उतरला की शांत होतं. गॅरेजमध्ये सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: "डिस्क वाकडी झालीय, बदलून टाका." नवी डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती) पडते, काही हजार किलोमीटर गाडी छान चालते आणि मग थरथर पुन्हा सुरू. मग डिस्कच्या कंपनीला नावं ठेवली जातात. पण बऱ्याचदा मूळ दोष डिस्कच्या मागे, हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) असतो आणि तिथे कोणी पाहिलेलंच नसतं.

थरथर कुठे जाणवते ते न बघता गाडी गॅरेजला देणं

ब्रेक न मारताही ठराविक वेगाला स्टिअरिंग हलत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर तपासा. फक्त ब्रेक मारतानाच हलत असेल तर ब्रेककडे वळा. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर; सीटमध्ये आणि पायाखाली जास्त जाणवत असेल तर मागच्या डिस्कवर किंवा ड्रमवर. मागे ड्रम असतील आणि हँडब्रेक हाताने ओढायचा असेल, तर रिकाम्या सरळ रस्त्यावर ३०-४० च्या वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक अलगद ओढून बघा. तेव्हाही गाडी थरथरली तर ड्रम गोल राहिलेला नाही, असं समजायला हरकत नाही.

एक वेगळी गोष्ट: कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडलं आणि करकर आवाज आला, तर ते एबीएसचं (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम चालू आहे. तो बिघाड नाही, त्या वेळी पाय उचलू नका.

हब साफ न करता डिस्क बसवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चाक आणि जुनी डिस्क काढली की हबच्या सपाट तोंडावर गंजाची खपली दिसते, बोल्टच्या मुळाशी जरा जास्तच. त्यावर तशीच नवी डिस्क चढवली की ती किंचित तिरकी बसते. हबवरचा हा फरक डिस्कच्या कडेपर्यंत जाताना वाढत जातो.

पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, आणि फसगत इथेच होते. तिरकी डिस्क फिरताना, ब्रेक मारलेला नसतानाही, तिचा ठराविक भाग प्रत्येक फेरीत पॅडला (ब्रेक दाबल्यावर डिस्कला आवळणाऱ्या तुकड्याला) घासून जातो. तेवढाच भाग हळूहळू झिजून पातळ होतो. डिस्कची जाडी एकसारखी राहिली नाही की ब्रेक दाबल्यावर पॅड मागेपुढे ढकलले जातात आणि तो धक्का पेडल आणि स्टिअरिंगपर्यंत येतो. जाडीत ०.०१५ ते ०.०२ मिमीचा फरकही जाणवायला पुरतो. माणसाचा केससुद्धा याहून जाड असतो. म्हणून नुसतं बघून किंवा हात फिरवून "डिस्क ठीक आहे" म्हणण्याला अर्थ नाही.

वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने हबचं तोंड चकचकीत करून घ्या. डिस्क बसवून नट आवळा आणि डायल गेज (डिस्क किती डगमगते ते मोजणारं काट्याचं यंत्र) लावून एक पूर्ण फेरी फिरवायला सांगा. बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिमीच्या आसपासचा डगमग चालतो, नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त आला तर डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवून बघा. कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. जाडी मात्र मायक्रोमीटरने, डिस्कभर सात-आठ ठिकाणी मोजावी लागते.

नट एअर गनने ठोकून आवळणं

एक नट जास्त आवळला आणि शेजारचा कमी, तर डिस्कवर वाकडा ताण येतो. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) द्या. चाक काढल्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर पहिली तपासणी याचीच करा.

लेथवर फेस मारून मोकळं होणं

डिस्क जाड असेल तर फेस मारणं, म्हणजे लेथवर तिचा पृष्ठभाग घासून सपाट करणं, चांगला उपाय आहे. पण कमीत कमी किती जाडी हवी हे बहुतेक डिस्कवर कोरलेलं असतं. फेस मारल्यावर जाडी त्याखाली जाणार असेल तर बदलणंच योग्य. पातळ डिस्क लवकर तापते. काम एका चाकाचं न करता दोन्ही बाजूंचं करा.

कॅलिपरकडे दुर्लक्ष

कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा. एकाच कॅलिपरमधला एक पॅड भरपूर झिजलेला आणि दुसरा जवळपास नवा, म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन किंवा पॅड ढकलणारा पिस्टन अडकतोय. पॅड डिस्कला टेकून राहतो आणि डिस्क तापत राहते. पिन साफ करून त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

नवे पॅड लावून लगेच जोरात ब्रेक

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा वेग कमी करा. मधे डिस्क गार होऊ द्या. मोठा घाट उतरून थांबल्यावर पेडल दाबून धरू नका. तापलेल्या पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि तिथून थरथर सुरू होते.

हे सगळं ठीक निघालं तर सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, आणि व्हील बेअरिंग तपासा. ते ढिले असले की ब्रेकची बारीकशी थरथरही स्टिअरिंगवर मोठी होऊन येते.

थरथरीसोबत गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल मऊ पडून खाली जात असेल किंवा लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करून न्या.