सर्व्हर महिन्यातून एकदा रिबूट करायचा, तो असा

"आमचा लिनक्स सर्व्हर तीन वर्षं बंदच झालेला नाही" असं कुणी कौतुकानं सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्याचा सरळ अर्थ म्हणजे तीन वर्षं जुना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) मेमरीत बसलाय, कारण अपडेट कितीही मारले तरी नवा कर्नल रिबूट केल्याशिवाय लागत नाही. लाइव्ह पॅचिंग (चालू कर्नललाच ठिगळ लावणं) जरूर वापरा, पण त्यात कर्नलमधली गंभीर भोकं तेवढी बुजतात, फर्मवेअर (हार्डवेअरमधलं सॉफ्टवेअर) आणि लायब्रऱ्या तशाच राहतात. शिवाय सलग खूप दिवस चालणं हीच एक अशी अवस्था आहे जी कुणी टेस्ट करत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेनं बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला होता, जनरेटर कंट्रोल युनिट सलग २४८ दिवस चालू राहिलं तर सॉफ्टवेअरमधला काउंटर भरून वीज जाऊ शकते म्हणून.

ग्राहकाला साइट चालू हवी असते, मशीनचा अपटाइम (ते सलग किती दिवस चालू आहे) त्याच्या कामाचा नाही. साइट ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायचा करार असला तरी महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद ठेवायला हातात असतात. पण याचा अर्थ क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवायची सोय) लावून रोज रात्री रिबूट मारायचा असाही नाही, मेमरी लीक (प्रोग्राम मेमरी घेत राहतो, परत देत नाही) झाकायला असं करणारे लोक मूळ दुखणं कधीच शोधत नाहीत. लीक असेल तर तेवढी एकच सर्व्हिस रिस्टार्ट करा आणि डेव्हलपरच्या मागे लागा.

बॅकअप, टीमला मेल, आयड्रॅक किंवा आयएलओचं (मशीन उठलं नाही तरी लांबून हाताळायची सोय) लॉगिन चालतंय का बघणं, हे सगळं झालंय असं धरतो. वेळ अशी निवडा की दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं ऑफिसात असतील. शुक्रवारची रात्र नको, आणि अकाउंट्सवाल्यांचा सर्व्हर असेल तर मार्चअखेर तर अजिबातच नको.

आता खरी अवघड पायरी, जिनं मला सगळ्यात जास्त छळलंय. मशीनवर आत्ता जे चालू आहे आणि बूट झाल्यावर जे आपोआप चालू होईल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्व्हर जितका जुना तितकं त्यांच्यातलं अंतर जास्त. कुणी सर्व्हिस सिस्टमसीटीएल कमांडनं स्टार्ट केलेली असते पण इनेबल (बूटला आपोआप सुरू होईल अशी) केलेली नसते, कुणी फायरवॉलचा नियम हातानं टाकलेला असतो, कुणी राउट (नेटवर्कचा मार्ग), आणि कुणी तरी जावाचं अ‍ॅप स्क्रीनमध्ये (लॉगआउट केल्यावरही चालू राहणारं टर्मिनल) सुरू करून नोकरी सोडून गेलेलं असतं. "सगळं सिस्टमडीत (बूटला सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) आहे" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. एसएस कमांडनं ऐकणारे सगळे पोर्ट काढा, फाइलमध्ये ठेवा, आणि एकेका प्रोसेसचा पीआयडी (तिचा नंबर) सिस्टमसीटीएल स्टेटसला द्या. उत्तरात सर्व्हिसचं नाव आलं तर ती इनेबल आहे का तेवढं बघा. सेशन स्कोप असं आलं तर ती प्रोसेस कुणीतरी लॉगिन करून हातानं सुरू केलीय, रिबूटनंतर ती परत येणार नाही, आधी तिची युनिट फाइल (सर्व्हिस कशी सुरू करायची हे सिस्टमडीला सांगणारी) लिहा.

मग एफएसटॅब, म्हणजे बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या (माउंट करायच्या) त्याची फाइल. फाइंडमाउंट कमांडला व्हेरिफायचा पर्याय आहे, तो चालवा, आणि डिस्कचं नाव एसडीबी वगैरे लिहिलं असेल तर यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) टाका, कारण ती नावं बूटनंतर बदलू शकतात. डिस्क सापडली नाही की मशीन दीडेक मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातं आणि एसएसएच (लांबून लॉगिन) मिळतच नाही, म्हणून नेटवर सगळीकडे एफएसटॅबमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडवू नको) टाका असा सल्ला दिसतो. डेटाबेसच्या डिस्कला हा सल्ला घातक आहे! डिस्क माउंट झाली नाही तरी बूट पूर्ण होतो, खाली रिकामा फोल्डर असतो, आणि काही सेटअपमध्ये डेटाबेस तिथेच नवा कोरा डेटा तयार करून खुशाल सुरू होतो, मॉनिटरिंग हिरवं आणि नोंदी मात्र रूट डिस्कवर. नोफेल टाकायचंच असेल तर डेटाबेसच्या युनिटमध्ये रिक्वायर्स माउंट्स फॉर ही ओळ टाका, म्हणजे डिस्क नसेल तर सर्व्हिस सुरूच होणार नाही.

आणि बरेच महिने रिबूट न झालेल्या मशीनला आधी रिबूट करा, मग अपडेट, मग परत रिबूट. एकदम केलं आणि मशीन उठलं नाही तर दोष नव्या कर्नलचा की दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी बदलाचा, हे रात्री तीन वाजता शोधत बसावं लागतं. क्लस्टर (एकच काम मिळून करणारी अनेक मशीन) असेल तर एका वेळी एकच नोड (त्यातलं एक मशीन), तो परत सिंक झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

रिबूट मारा. फिजिकल सर्व्हरला भरपूर रॅम असेल तर नुसत्या सुरुवातीच्या तपासणीतच काही मिनिटं जातात, घाबरून पॉवर बटण दाबू नका. उठल्यावर फेल झालेल्या सर्व्हिसेस बघा, पोर्टांची नवी यादी काढून जुन्या फाइलशी डिफ करा (फरक बघा), आणि ब्राउझरमधून खरोखर लॉगिन करून बघा.

हे दोन-तीन महिने हातानं नीट झालं की मगच ऑटोमॅटिक करा. उबुंटूच्या अनअटेंडेड अपग्रेड्समध्ये (आपोआप अपडेट करणारी सोय) ऑटोमॅटिक रिबूट चालू केलं आणि वेळ दिली नाही तर ते तिथल्या तिथे रिबूट मारतं, म्हणून वेळ टाकाच, आणि सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) आहे का तेही बघा, नाहीतर तुमचे रात्रीचे दोन म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात होतात.