ब्रिटनमधला पहिला हिवाळा आणि गाडीची समोरची काच

गाडी इथेही रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवायची, स्टिअरिंगही उजवीकडेच. त्यामुळे पुण्याहून कॉव्हेंट्री, वॉरिक किंवा लेमिंग्टनला आलेल्या माणसाला ड्रायव्हिंगची फारशी धास्ती नसते. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली, तेव्हापासून गेडन आणि व्हिटलीच्या ऑफिसांत पिंपरी-चिंचवडची मंडळी येत-जात असतात. नव्याने आलेले आमच्यासारख्या जुन्यांना ठरलेले प्रश्न विचारतात: जुनी गाडी कुठली घेऊ, विमा एवढा महाग का, मुलांना शाळा कुठे मिळेल. काचेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि त्यानंतर सगळ्यांना एकदम काच आठवते.

यात कोणाचा दोष नाही. तिकडे सोसायटीत पहाटे बादली घेऊन येणारे काका गाडी पुसून जातात, आपण खाली उतरतो तेव्हा वायपर उभे करून ठेवलेले दिसले की काम झालं. इथे ते काका म्हणजे आपणच.

बहुतेकांना भीती असते बर्फाची. मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या या मधल्या भागात, भुरभुरणारा, साचणारा बर्फ वर्षातून मोजकेच दिवस पडतो. रोजचा त्रास असतो तो बाहेरून दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, आणि आतून वाफेचा. त्यातही माझं मत विचाराल तर आतली बाजू जास्त छळते, कारण बाहेरचं दहिवर एकदा काढलं की संपतं, आतली वाफ गाडी चालू असताना परत येते.

वाफेचं कारण साधं आहे. तुमचा श्वास, ओले कोट, छत्री, मुलांचे चिखलाचे बूट, आणि दिवाळीच्या कार्यक्रमाहून परतताना मागच्या सीटवर ठेवलेलं गरम बिर्याणीचं पातेलं, या सगळ्यांतून हवेत ओल येते. ती हवा थंडगार काचेला लागली की पाणी होऊन तिथेच बसते. आपल्याकडे पावसाळ्यात एसी जोरात लावला की काच बाहेरून धुरकट होते आणि वायपर एकदा फिरवला की मोकळी होते. ती सवय इथे कामाची नाही. थंडीतली वाफ आतल्या बाजूला असते, वायपर कितीही फिरवा.

इथे आपली दुसरी सवयही आडवी येते. पुण्यात धूळ आणि धूर आत येऊ नये म्हणून हवेचं बटण कायम आतल्या आत फिरवण्यावर ठेवलेलं असतं, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल बाण असतो ते. इथे हिवाळ्यात ते बंद ठेवा. आतलीच ओली हवा फिरत राहिली तर काच कधीच सुकणार नाही. बाहेरची हवा थंड असली तरी तिच्यात एकूण ओल कमी असते, ती तापून आत आली की काचेवरचं पाणी उचलते. आणि एसी लावा. 'थंडीत एसी कशाला' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एसी आधी हवेतलं पाणी काढून घेतो आणि नंतर हीटर ती तापवतो, दोन्ही एकाच वेळी चालतात. फार गारठा असला, पारा शून्याच्या आसपास गेला, की बऱ्याच गाड्यांत एसी आपोआप बंद राहतो. तेव्हा हीटर, पंखा पूर्ण, हवा काचेकडे, आणि खिडक्या बोटभर खाली. जवळजवळ प्रत्येक गाडीत हे सगळं एका दमात करणारं बटण असतं, काचेच्या आकारावर वळणाऱ्या बाणांचं. घरापाशी उभे असतानाच ते शोधून ठेवा, मोटरवेवर नको.

हाताने किंवा स्वेटरच्या बाहीने पुसू नका. हाताचं तेल काचेला लागतं, वाफ पुढच्या वेळी त्याच जागी आधी धरते आणि ऊन आलं की फराटे लख्ख दिसतात.

इतकं करूनही काच रोज सकाळी ओली असेल, कधी तर आतूनच गोठलेली असेल, तर गाडीत कुठेतरी पाणी साचलेलं आहे. पायाखालची मॅट उचलून गालिचा दाबून बघा. बॉनेट उघडून वायपरच्या खालच्या खोबणीत अडकलेली पानं काढा. शरद ऋतूत ती ढिगाने पडतात, पाणी वाहून जायची भोकं बुजवतात आणि पाणी गाडीच्या आत उतरतं. केबिन फिल्टर, ज्याला इथे पोलन फिल्टर म्हणतात, तुंबला असेल तर हवेचा जोरच कमी होतो. जुनी गाडी घेतलेल्यांनी तो पहिल्याच महिन्यात बदलून टाकावा, फार खर्च नाही.

आता बाहेरचं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो छापून येतो. इथे ते तुमच्या गाडीवर महिनोन् महिने येतात, कौतुक करायला कोणी नसतं. निरभ्र रात्री काच आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. त्यामुळे फोनवर दोन-तीन अंश दिसत असले तरी काचेवर पांढरा थर असू शकतो. गाडीला छप्पर नाही आणि रस्त्यावरच लावता, तर संध्याकाळी आकाश मोकळं आहे का ते बघून ठेवा. ढग असतील तर सकाळी बहुधा सुटलात. मोकळं असेल तर रात्रीच काचेवर कव्हर घाला, दारांत दाबून बसवायचं साधं कापडी कव्हर पुरतं.

कव्हर विसरलात, तर खरवडायची प्लॅस्टिकची पट्टी आणि डीआयसरचा, म्हणजे बर्फ वितळवणारा, स्प्रे. उकळतं पाणी कधीही ओतू नका. गोठलेल्या काचेला एकदम गरम पाणी लागलं की ती तडकू शकते, आधीचा बारीकसा खड्डा असेल तर नक्कीच धोका, आणि ओघळलेलं पाणी खाली रस्त्यावर गोठून तुमच्याच पायाखाली येतं. बँकेचं कार्डही नको, कार्ड मोडतं. अजून एक, गाडी चालू करण्याआधी वायपरचा दांडा बंदवर आहे ना ते बघा. रात्री पावसात चालू राहिलेले किंवा ऑटोवर असलेले वायपर काचेला चिकटून गोठलेले असतात. मोटर त्यांना ओढायला गेली की रबर फाटतं, नाहीतर मोटर किंवा फ्यूज जातो.

काही गाड्यांत, विशेषतः फोर्डमध्ये आणि लँड रोव्हरच्या बऱ्याच मॉडेलांत, समोरच्या काचेतच केसासारख्या तारा असतात आणि एका बटणावर ती तापते. जुनी गाडी निवडताना माझ्या मते हे सनरूफपेक्षा दहापट कामाचं आहे. मागच्या काचेवरच्या जाड रेघा मात्र आतल्या बाजूला चिकटवलेल्या असतात. त्या आडव्या दिशेनेच, हलक्या हाताने पुसा, आणि आतून खरवडू तर नकाच.

गाडी चालू करून हीटर लावून परत घरात चहा प्यायला जाणं, हे शेजारी करताना दिसतील. तुम्ही करू नका. सार्वजनिक रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी सोडून जायला हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतुकीच्या नियमावलीत, मनाई आहे, त्याला दंड आहे. आणि किल्ली आत असताना गाडी चोरीला गेली तर बहुतेक विमा कंपन्या हात वर करतात. काचेत डोळ्यापुरतं भोक पाडून निघणारेही दिसतील. हायवे कोडचा नियम २२९ सांगतो की निघण्याआधी सगळ्या काचांवरचा बर्फ काढलेला हवा, आरसे मोकळे हवेत, आतली वाफ नीट घालवलेली हवी, दिवे स्वच्छ आणि नंबर प्लेट दिसणारी हवी. टपावरचा बर्फही झाडायचा, कारण ब्रेक मारला की तो तुमच्याच काचेवर घसरून येतो किंवा मागच्यावर उडतो.

हे फक्त पोलिसांच्या भीतीपुरतं नाही, तुमच्या लायसन्सशीही याचा संबंध आहे. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं. पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. परीक्षेत गाडी चालवता चालवता परीक्षक एक 'शो मी', म्हणजे 'करून दाखवा' असा, प्रश्न विचारतो. त्या सात प्रश्नांपैकी चार काच साफ ठेवण्याचे आहेत: समोरची काच धुऊन दाखवा, मागची धुऊन दाखवा, समोरची वाफ घालवा, मागचा हीटर लावा. वीस वर्षं गाडी चालवलेली माणसं इथे बटण शोधत बसतात. आणि पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत नियम मोडल्याचे सहा पेनल्टी पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं, मग तुम्ही पुण्यात कितीही वर्षं चालवलेली असो.

थंडी पडली की रात्री रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरतात. खडेमीठच ते, चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून वगैरे येतं. दुसऱ्या दिवशी एम६ किंवा एम४० मोटरवेवर पुढच्या ट्रकच्या चाकांतून त्याचा फवारा तुमच्या काचेवर येतो, वाळतो आणि पांढरट पडदा धरतो. कोरड्यावर वायपर फिरवला की तो आणखी पसरतो. उन्हाळ्यात वॉशरची, म्हणजे काच धुणाऱ्या फवाऱ्याची, टाकी भरली की महिनोन् महिने बघावं लागत नाही, हिवाळ्यात लांबच्या प्रवासात ती एका दिवसात रिकामी होऊ शकते. टाकीत स्क्रीनवॉश, म्हणजे काच धुवायचं तयार द्रव, घाला, साधं पाणी नको. साधं पाणी गोठतं, पाइप फुटू शकतो, आणि कोमट राहिलं तर त्यात लीजिओनेलाचे जंतूही वाढू शकतात. भांडी घासायचा साबणही नको, तो फेसाळतो आणि रेघा ओढतो. डब्यावर किती अंशांपर्यंत किती पाणी मिसळायचं ते लिहिलेलं असतं, हिवाळ्यात ते गंभीरपणे घ्या. झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं तीच टाकी. शेजारची कूलंटची टाकी चुकून उघडू नका, इंजिन गरम असताना तर अजिबात नाही. चालू वॉशर ही कायद्याचीही गरज आहे, वार्षिक एमओटी तपासणीत फवारा पुरेसा उडला नाही तर गाडी नापास होते.

वायपरची रबरं दर वर्षी हिवाळ्याआधी बदला. ती घासल्याचा करकर आवाज येईपर्यंत थांबू नका.

आणि सूर्य. याची सवय व्हायला खरंच वेळ लागतो. डिसेंबरच्या भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजावर सुमारे ४८ अंशांवर असतो, इथे जेमतेम १४ वर. म्हणजे दिवसभर तो डोळ्यांत. वॉरिककडून गेडनला एम४० ने जाणाऱ्यांचा रस्ता आग्नेयेकडे जातो. डिसेंबरमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमारास नेमका आग्नेयेलाच उगवतो. पावणेनऊला त्या पट्ट्यावर असाल तर काचेवरचा प्रत्येक फराटा पेटतो आणि पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट दिसेनासे होतात. वायझर, साधा गॉगल, अंतर दुप्पट, आणि वेळेत लवचिकता असेल तर थोडं लवकर किंवा उशिरा निघणं.

पण आधी काच आतून पुसा, महिन्यातून एकदा तरी. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून हळूहळू वाफा निघतात आणि काचेवर तेलकट थर धरतात, उन्हाळ्यात जास्त. दोन मायक्रोफायबरची फडकी घ्या, एकाला ग्लास क्लीनर, दुसरं कोरडं. आतून उभे हात मारा, बाहेरून आडवे, मग रेघ राहिली तर ती कुठल्या बाजूची ते लगेच कळतं. भारतात डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारायची हौस असते. इथे ती सोडा, तिचं प्रतिबिंब नेमकं काचेत पडतं.

उन्हाळ्यात निराळाच उपद्रव. शहरांत रस्त्याकडेला लिंडनची झाडं खूप आहेत. त्यांवरच्या माव्यातून चिकट रस गळतो, त्याखाली गाडी लावली की काच चिकचिकीत. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ काचेवर ठेवून द्या, मग पुसा. हे उन्हाळ्यातच बरं का.

काचेवर काय लावायचं यावर इथे बंधनं आहेत. गणपती असावा, पण डॅशबोर्डवर खाली, छोटा, घट्ट बसवलेला. आरशाला लटकणारे हार, लिंबू-मिरची, माळा नकोत. वायपर फिरतो त्या भागात ४० मिलिमीटरपेक्षा जास्त आत येणारी वस्तू एमओटीत अडते, आणि चालकाच्या डोळ्यांसमोरच्या पट्ट्यात तर १० मिलिमीटरच चालतं. फोनचा होल्डर, डॅशकॅम यांनाही हेच लागू. समोरच्या काचेतून किमान ७५ टक्के आणि पुढच्या बाजूच्या काचांतून ७० टक्के प्रकाश आत यायला हवा, तेव्हा काळी फिल्म लावायचा विचार करू नका.

शेवटचं, खडा. मोटरवेवर ट्रकमागून खडी उडून काचेला टिकलीएवढा खड्डा पडणं इथे नेहमीचं आहे. त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे ओल आणि घाण आत जात नाही, आणि हीटर एकदम पूर्ण लावू नका. थंडीच्या एका रात्रीत त्या खड्ड्याची लांब भेग होते. खड्डा असेपर्यंत तो राळ भरून दुरुस्त होतो, भेग झाली की काच बदलावी लागते. कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात बहुधा काचेचं कलम वेगळं असतं, दुरुस्तीला स्वतःचा वाटा कमी आणि बदलायला बराच जास्त, आणि बहुतेक पॉलिसींत नो-क्लेम बोनसला धक्का लागत नाही. आपल्या पॉलिसीत ते आहे का हे आजच बघून ठेवा. आणि काच बदलायची वेळ आलीच तर आरशामागे कॅमेरा असलेल्या गाडीत तो पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा, लागतो. तो खर्च विम्यात धरला आहे का ते आधी विचारा, आणि गाडी ताब्यात घेताना कॅलिब्रेशनचा कागद मागून घ्या.