दख्खनी लोकरीत काम करायचंय? मफलर विसरा

चिकोडी, रायबाग, गोकाक भागातल्या लोकरीवर काम करायचंय म्हणणारी मुलंमुली हल्ली बेळगावात भेटतात आणि पहिला प्रश्न हमखास मफलरचा असतो. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ; मानेला टोचणारच. जाजम, आसन, पिशवी, भिंतीवरचं विणकाम यांत तोच राठपणा कामी येतो. मऊच हवी असेल तर कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मागा. ती थोडीच मिळते आणि महाग पडते.

एका मेंढीची वर्षाची लोकर सहसा किलोभरही भरत नाही. मटणाला भाव आला तशा कमी लोकरीच्या जाती कळपात शिरल्या. लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटेना, म्हणून पुष्कळ माल बांधावरच टाकून देतात. तेव्हा कातरणीच्या दिवसांत थेट कळपापाशी जा. मेंढरं कुणाच्या रानात बसलीत ते गावात विचारलं की कळतं. मेंढरं धुऊन कातरलीत ना, गोखरू किती आहे, हे हात घालून बघा. काळी, करडी, पांढरी जागेवरच वेगळी करून घ्या, नंतर निवडत बसायला कुणाला वेळ नसतो. बोलणं बहुधा कन्नडात होईल. निदान आकडे आणि भाव तरी शिकून जा, नाहीतर मधला माणूस दोन्हीकडून खातो.

हातसूत बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या यंत्रमागावर टिकत नाही, ताणा (मागावरचे उभे धागे) तुटतो. त्याला कांबळी विणणाऱ्यांचा खड्डामागच, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमागच, लागतो. तिथं ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्यानं लावतात, मग सुताची कूस, म्हणजे वर आलेले बारीक तंतू, बसते. पट्टी अरुंद निघते, दोन जोडून घोंगडं होतं. मी ती जोडशिवण लपवत नाही. नक्षी तिथूनच सुरू करते.

सूत कातणाऱ्या बायकांना वजनावर पैसे मिळतात. बारीक सुताला वेळ दुप्पट लागतो आणि वजन भरत नाही, म्हणून जाड सूत येतं. बारीक हवं असेल तर दिवसाची मजुरी ठरवा. हे न करता ‘शाश्वत’ची चिठ्ठी लावणारे बरेच आहेत.

रंगाचं म्हणाल तर मूळच्या छटांवरच भागवावं, असं माझं मत. पांढरी रंगवायचीच तर लोकरीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी, मग डाळिंबाची साल. पाणी हळूहळू तापवा आणि लोकर त्यातच निवू द्या. गरमातून एकदम गार पाण्यात टाकली की आवळून गोळा होते.

शिक्षणासाठी इचलकरंजीची डीकेटीई ही वस्त्रोद्योगाची संस्था आहे, गदगला हातमाग तंत्रज्ञान संस्था आहे. तिथं माग कळेल. लोकर पिंजायला आणि कातायला मात्र एखाद्या म्हाताऱ्या कुरुबर (कन्नड धनगर) बाईपाशीच बसावं लागेल, आणि त्या बसण्याचेही पैसे द्या. तयार माल कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवा, पावसाळा संपला की ऊन दाखवा. कसर लागलेलं जाजम गिऱ्हाईक परत आणून देतं.