ओडूची सर्व्हिस हाताने उभी करताना

ईआरपीच्या (कंपनीचे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कामाला नव्याने लागलेल्यांनी ओडू १७ हे ईआरपी एकदा तरी तयार पॅकेज किंवा डॉकरशिवाय (डॉकर म्हणजे सगळे आधीच भरलेला तयार डबा), उबुंटू २२.०४ वर सोर्समधून बसवावे. नाहीतर क्लायंटकडे सर्व्हर बंद पडला की कुठे बघायचे तेच कळत नाही. बहुतेक गोंधळाच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: प्रोसेस कोणत्या युजरच्या नावाने चालते आहे?

म्हणून सुरुवात तिथूनच करा. ‘ओडू’ नावाचा सिस्टिम युजर होम फोल्डरसकट बनवा आणि त्याच नावाचा पोस्टग्रेस रोल, म्हणजे ओडू ज्यात डेटा ठेवतो त्या डेटाबेसमधले खाते. रोलला डेटाबेस तयार करण्याची परवानगी द्या, सुपरयुजर मात्र करू नका. दोन्ही नावे जुळली की पोस्टग्रेस पासवर्ड न विचारता आत घेतो. हे मशीनच्या आतल्या सॉकेट जोडणीवर चालते. कॉन्फिगमध्ये (ओडूच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) डीबी-होस्ट म्हणजे डेटाबेसच्या पत्त्यासमोर लोकलहोस्ट लिहिले की जोडणी सॉकेटऐवजी टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या रस्त्याने जाते, आणि मग पासवर्ड लागतोच. पोस्टग्रेसचा मूळ रोल वापरण्याची पळवाट तर नाहीच. त्या नावाने ओडू सुरूच होत नाही.

यानंतर घाईने सिस्टमडीची (उबुंटूवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमची) युनिट फाइल लिहू नका. आधी याच युजरने टर्मिनलवरून ओडू चालवा आणि ८०६९ पोर्टवर लॉगिनचे पान येते का पाहा. रूटने (मशीनच्या सर्वाधिकारी युजरने) एकदा जरी चालवून पाहिले, तरी लॉगची किंवा डेटा फोल्डरमधली फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते. मग सर्व्हिस ‘परवानगी नाही’ म्हणून पडते आणि कारण कॉन्फिगमध्ये शोधण्यात दुपार जाते.

युनिट फाइलमध्ये युजरचे नाव, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या (ओडूसाठी वेगळ्या ठेवलेल्या फोल्डरमधल्या) पायथनचा पूर्ण पाथ आणि ‘पोस्टग्रेसनंतर सुरू हो’ ही ओळ हवीच. फाइल बदलली की डीमन-रीलोड करायचे, म्हणजे सिस्टमडी ती पुन्हा वाचतो. कॉन्फिगमध्ये लॉगफाइल दिली असेल तर जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) फारसे काही दिसणार नाही, चूक त्या फाइलमध्ये शोधा.

वर्करचा, म्हणजे ओडूच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसचा हिशेब सोपा आहे: एका वर्करवर साधारण ६ जण एकाच वेळी काम करू शकतात, आणि वर्करची कमाल संख्या म्हणजे कोर गुणिले २ अधिक १. म्हणजे २४ जणांना ४ वर्कर, २ कोरवर सहज बसतात. वर्कर दिले की लाइव्ह चॅट आणि सूचना ८०७२ पोर्टवर जातात. एनजिनएक्समध्ये (ओडूच्या पुढे उभ्या वेब सर्व्हरमध्ये) वेबसॉकेटचा, म्हणजे चॅटच्या सतत उघड्या जोडणीचा रस्ता तिकडे वळवला नाही, तर बाकी सगळे चालते आणि फक्त चॅट मुके राहते. ओडूच्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सी-मोड सुरू करायलाही विसरू नका. उत्तरासाठी एनजिनएक्स मुळात ६० सेकंदच थांबतो, ओडू १२०. मोठा रिपोर्ट ५०४ (वेळ संपल्याची एरर) देत असेल तर आधी तिथे बघा. अपलोडची १ एमबीची मर्यादाही एनजिनएक्सचीच.

इनव्हॉइसच्या पीडीएफमध्ये हेडर-फूटर गायब असेल, तर उबुंटूच्या रेपॉझिटरीतले डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ (पीडीएफ बनवणारे टूल) काढा आणि त्याचीच, पॅच केलेल्या क्यूटी लायब्ररीसह येणारी ०.१२.६ आवृत्ती टाका.

क्लायंटच्या ताब्यात देण्याआधी मशीन रीबूट करा आणि कशालाही हात न लावता लॉगिन होते का ते दुसऱ्या संगणकावरून तपासा.