फोटोत गाडीचा बांधा बदलायचाय? आधी चाकं बाजूला काढा

गाडी खाली बसलेली, टप चपटा, चाकं भरदार असा फोटो करायचा म्हटलं की बहुतेक जण अख्खी गाडी निवडतात आणि वरून दाबतात. चाकांची लगेच अंडी होतात. बोनेट दोन इंचांनी लांबलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, चाक जरासं लंबगोल झालं की मात्र पटकन खटकतं.

फोटो बरोबर बाजूने काढा. कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी लवकर गेलात तर गाडीमागे मोकळं पाणी मिळतं. दहा-बारा मीटर मागे सरका, मोबाइल दाराच्या हँडलच्या किंचित खाली धरा आणि 2एक्स किंवा 3एक्सवर फोटो घ्या. जवळून 1एक्सवर काढला तर मधली दारं फुगतात, टोकं बारीक होतात. मग पुढची मापं जुळत नाहीत.

फोटोशॉपमध्ये पेन टूलने गाडी कापून वेगळ्या लेयरवर (थरावर) घ्या. दोन्ही चाकं आणि सावली यांचेही वेगळे लेयर करा. गाडी कापल्यावर मागे पडलेली रिकामी जागा भरून घ्या, नाहीतर गाडी ओढताना कठड्याची सरळ रेघही वाकते आणि चोरी तिथेच पकडली जाते. चाकांचे लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवा, म्हणजे मूळ चित्र आत तसंच राहतं. साधा लेयर तीन-चारदा लहान-मोठा केला की रिमच्या कडा भुरकट होतात.

आता माप. मारुती 800 चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, 2175 मिलिमीटर. फोटोत तेच अंतर 1740 पिक्सेल भरलं, तर एक पिक्सेल म्हणजे 1.25 मिलिमीटर. गाडी 50 मिलिमीटर बसवायची तर बॉडी 40 पिक्सेल खाली घ्यायची. चाकं वर उचलायची नाहीत, ती रस्त्यावरच राहिली पाहिजेत.

चाक मोठं करताना संदर्भबिंदू (आकार बदलताना जागेवर राहणारा बिंदू) तळाच्या मध्यावर ठेवा. 145/70 आर12 टायरचा व्यास साधारण 508 मिलिमीटर, म्हणजे इथे 406 पिक्सेल. दहा टक्के वाढवला की चाकाचा माथा 41 पिक्सेल वर जातो. त्यात बॉडी 40 खाली आलेली! चाक सरळ मडगार्डात घुसतं. मग एकतर चाकावरची कमान वॉर्पने (चित्र हवं तसं वाकवायची सोय) वर घ्या, नाहीतर वाढ पाच टक्क्यांवर थांबवा. चाकाचा माथा कमानीत थोडा लपला तर चालतो, फक्त मधल्या फटीत काळोख हवा.

टपासाठी काचांच्या खालच्या रेषेपासून वरचा भाग निवडा, कंट्रोल+टी दाबा आणि वरचं मधलं हँडल शिफ्ट धरून खाली ओढा. नव्या फोटोशॉपमध्ये शिफ्ट विसरलात तर रुंदीही कमी होते आणि पिलर (टप पेलणारे खांब) दारापासून सुटतात. आठ टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढे काचेतून दिसणारं स्टिअरिंग चपटं होतं. आत ड्रायव्हर बसलेला असेल तर त्याचं डोकं आधी पुसलेलं बरं.

लांबी वाढवायची तर पुढचं चाक आणि बोनेट एकत्र निवडून पुढे सरकवा. मधे पडलेली फट चाकाची कमान आणि दाराची कड यांच्यातल्या साध्या पत्र्याची पट्टी ओढून भरा. त्या पट्टीत हँडल, इंडिकेटर किंवा कंपनीची अक्षरं येऊ देऊ नका. ती लगेच पसरट दिसतात.

सावलीत सगळ्यात जास्त चुका होतात. टायर रस्त्याला टेकतो तिथे ती सगळ्यात गडद असते. गाडी बसवल्यावर खालची उजेडाची फट त्याच मापाने कमी करा, नाहीतर गाडी तरंगते.

तपासायला रिमवर शिफ्ट धरून पक्कं वर्तुळ काढा आणि फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करून बघा; नजरेला सरावलेली चूक उलट्या चित्रात उठून दिसते. पीएसडी फाइल (फोटोशॉपची सगळे लेयर असलेली मूळ फाइल) जपून ठेवा. विकायच्या गाडीच्या जाहिरातीत असला फोटो लावणं म्हणजे फसवणूकच. आणि हाच फोटो घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये खऱ्या गाडीचं काम सांगायला जाणार असाल, तर मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्या आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचा. गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर त्यात बंधनं आहेत.