रोइंग मशीनवर बसण्याआधी लिव्हर बघा

मागच्या पावसाळ्यात रोइंग मशीनवर, म्हणजे बसून नाव वल्हवल्यासारखं हँडल ओढायच्या व्यायामाच्या मशीनवर, माझी कंबर धरली आणि इंदूरच्या रामबागेतल्या घरात आठ दिवस मी भिंतीला धरून चाललो. आई सकाळ-संध्याकाळ शेक देत होती. आता पुन्हा सुरू करतोय, म्हणून ही तयारी लिहून ठेवतो.

पाणी, टॉवेल सांगायला नको. लांब, सैल टी-शर्ट नको, मागून सीटच्या चाकात अडकतो.

मग लिव्हर. मशीनच्या पंख्याच्या जाळीच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा, आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा दांडा असतो तो. त्या दिवशी जाळीवर कुणाचा तरी ओला टॉवेल होता. तो मी बाजूला केला, पण आकडा पाहिला नाही. लिव्हर १० वर होता. १० वर आत हवा जास्त जाते, दोन ओढींच्या मध्ये पंख्याचं चाक लवकर मंदावतं आणि प्रत्येक ओढ थांबलेली हातगाडी ढकलल्यासारखी सुरू करावी लागते. नेमकं तेव्हाच आपण सगळ्यात जास्त पुढे वाकलेले असतो, म्हणून मार कमरेवर. ३ ते ५ पुरे. जाळीत धूळ बसली की त्याच आकड्यावर मशीन हलकं लागतं, तेव्हा मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा आकडा, तोही बघा. ११० ते १३० बरा. जास्त आकडा म्हणजे जास्त व्यायाम, हे डोक्यातून काढा.

पायाचा पट्टा चवड्याच्या सगळ्यात रुंद भागावर यायला हवा. पावलं फार उंच बांधली तर गुडघे पोटात येतात आणि कंबर आत दुमडते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. जमिनीवर पाय पसरून ताठ बसता येत नसेल तर पावलं एक-दोन भोकं खाली बांधा. पुढे येताना नडगी उभी झाली की थांबा, आणखी पुढे सरकू नका.

अंथरुणातून उठून थेट मशीनवर नको. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकणं त्यांना जड जातं. तासभर जाऊ द्या, थोडं चाला. मग झाडूचा दांडा पाठीला लावा: डोकं, खांद्यांच्या मधला भाग, माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेला. तो सुटू न देता खुब्यातून वाका. दहा वेळा. हेच वाकणं मशीनवर हवं, पाठीची कमान नको.

बसलात? लिव्हर पाहिला? नसेल तर उठा आणि बघून या. मॉनिटर नंतर लावा.

ओढताना आधी पाय, मग धड, मग हात. परतताना हात, धड, पाय. सीट मागे पळाली आणि हँडल जागेवरच राहिलं, तर भार पाठीने घेतला असं समजा. धड घड्याळातल्या ११ आणि १ च्या मध्येच. मिनिटाला २० ते २२ ओढी.

पहिले पंधरा दिवस पाच-पाच मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये उठून उभं राहायचं. दमलं की पाठ वाकतेच, तिथे थांबा. दोन मशीन असतील आणि जागा बदललीत, तर लिव्हर पुन्हा बघा.

नंतर थोडं चालणं, बस. दुखणं पायात उतरलं, मुंग्या आल्या तर डॉक्टरकडे. लघवी अडली किंवा ताबा गेला तर त्याच रात्री दवाखाना, सकाळची वाट नको.

उठताना लिव्हर ४ वर आणून ठेवा, पुढचा माणूस नवखा असू शकतो.