प्रो खेळाडूंची डिस्क घेतली तरी थ्रो लांब जात नाही? या चुका टाळा

डिस्क गोल्फ, म्हणजे थाळीसारखी डिस्क फेकून बास्केटमध्ये पोहोचवायचा खेळ, नवीन सुरू केलेल्या जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते. डिस्क हातातून जोरात सुटते, अर्ध्या वाटेत वर चढते, हवेत थांबल्यासारखी होते आणि डावीकडे वळून धपकन खाली पडते. मग माणूस म्हणतो माझ्या हातात ताकद नाही, किंवा डिस्कच चुकीची आहे, आणि आणखी फास्ट डिस्क विकत घेतो. मी पण पहिलं वर्षभर हेच केलं आणि थ्रो एक फूट पण वाढला नाही. खरं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं, आणि ते म्हणजे डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर असणं.

(खाली सगळं उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी, म्हणजे डिस्क छातीसमोरून ओढून फेकायच्या थ्रोसाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी दिशा उलट्या करून वाचा.)

आधी डिस्क का वळते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डिस्क म्हणजे हवेत फिरणारा भोवराच. बॅकहँडला ती वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना हवेचा उचलणारा जोर डिस्कच्या मध्याच्या थोडा मागे लागतो, वेग कमी झाला की तोच जोर पुढच्या कडेकडे सरकतो. साधी थाळी असती तर ती पुढे-मागे कलंडली असती, पण फिरणारी वस्तू ढकललं त्या दिशेला न कलता बाजूला कलते. म्हणून सुरुवातीला डिस्क थोडी उजवीकडे जाते, त्याला टर्न म्हणतात, आणि शेवटी डावीकडे, तो फेड. डिस्कवर छापलेले चार आकडे म्हणजे स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. इनोव्हा कंपनीच्या डेस्ट्रॉयर डिस्कवर १२, ५, -१, ३ असतं, लेपर्डवर ६, ५, -२, १.

आता पहिली चूक इथेच होते. डेस्ट्रॉयर प्रो खेळाडूंच्या बॅगेत वर्षानुवर्षं दिसते म्हणून नवीन माणूस तीच घेतो, किंवा पॉल मॅकबेथ हा प्रो डिस्क्राफ्ट कंपनीकडून खेळतो म्हणून त्याची झ्यूस. पण स्पीड १२ याचा अर्थ ‘ही डिस्क फास्ट जाते’ असा नाही, ‘हिला एवढा वेग द्यावा लागतो’ असा आहे. टॉपचे पुरुष खेळाडू डिस्क ताशी ११० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याच्याही वर सोडतात, तेव्हा कुठे तो -१ चा टर्न दिसतो. तुमचा वेग त्याच्या बराच खाली असेल तर टर्न येतच नाही, डिस्क सुटल्यापासून फेडच चालू. त्याच माणसांनी लेपर्ड फेकली की ती लगेच लांब जाते, हे मी मैदानावर कितीतरी वेळा बघितलंय. बझ सारखी मिडरेंज (मधल्या अंतराची डिस्क) आणि एव्हिआर सारखा पटर (बास्केटमध्ये टाकायची स्लो डिस्क), एवढ्यावर काही महिने काढा. पटर पूर्ण जोराने फेकायला शिका, कारण स्लो डिस्क चूक लपवत नाही, हात वाकडा गेला की लगेच थरथरते.

आणि पटरला कमी समजू नका. २०२१ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये युटा राज्यातल्या ऑग्डेनला शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅडला मॅकबेथला गाठायचं तर पुढचा थ्रो थेट बास्केटमध्येच जायला हवा होता, २४७ फुटांवरून तो गेला, आणि प्लेऑफ जिंकून कॉनरॅड चॅम्पियन झाला. हातात एन्व्ही होती, म्हणजे पटर!

बरं, डिस्क बदलून पण वर चढून मरतेय? मग नाकाकडे या. डिस्क ज्या दिशेने चाललीय त्या रेषेपेक्षा तिची पुढची कड वर असेल तर हवा खालच्या बाजूला आपटते, डिस्क वर उचलली जाते, वेग संपतो आणि फेड लवकर येतो. हे डोळ्यांना दिसत नाही कारण चार-पाच अंशांचा सुद्धा फरक पडतो. तपासायचं असेल तर मोबाईल बाजूला लावून स्लो मोशनमध्ये सुटायच्या क्षणाचा व्हिडिओ घ्या. कारणं साधारण तीन. एक, अंगठा डिस्कवर नीट दाबलेला नाही. दोन, मनगट वर वळलेलं आहे. खिळ्यावर हातोडी टेकली की मनगट जसं खाली झुकलेलं असतं तसं ठेवून पकडा आणि सोडताना कुलपात किल्ली उजवीकडे फिरवल्यासारखा हात जरासा फिरू द्या. तिसरं कारण सगळ्यात जास्त दिसतं, उंच फेकायचं म्हणून माणूस फक्त हात वर नेतो. उंची हवी असेल तर कमरेपासून अख्खं शरीर मागे कललं पाहिजे, खांद्यांची रेषाच वर बघायला हवी, म्हणजे हात त्याच रेषेत जातो आणि नाक उघडत नाही.

ताकदीचं म्हणाल तर ती हातातून येतच नाही. प्रो खेळाडूंचा रीचबॅक, म्हणजे फेकायच्या आधी हात मागे नेणं, बघून नवीन लोक डिस्क पाठीमागे गुंडाळतात, मग ती छातीभोवती गोल फिरत येते, याला राउंडिंग म्हणतात. अशा वेळी डिस्क कधी लवकर सुटते, कधी बोटांत अडकून थेट उजवीकडच्या झाडात. दंड आणि छाती यांच्यात जागा राहिली पाहिजे, साधारण काटकोन धरा, खांदे वळवून मागे जा आणि डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढा. यासाठी जागेवर उभं राहून, एक पाऊल पण न टाकता थ्रो मारायची प्रॅक्टिस करा. कंटाळवाणी वाटते पण मला सगळ्यात जास्त फायदा हिचाच झाला.

रनअप नंतर. एक्स-स्टेप, म्हणजे एका पायामागून दुसरा पाय टाकत पुढे येणं, घेताना लोक पळत सुटतात आणि पुढचा पाय टेकायच्या आत हात निघून गेलेला असतो. पुढचा पाय आधी घट्ट टेकतो, अंगाचा वेग तिथे अडतो, मग कंबर, मग खांदा, मग हात. एस्टोनियाची क्रिस्टिन टट्टार, २०२२ आणि २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियन, तिचे थ्रो स्लो करून बघा, घाई कुठेच नाही. थ्रो झाल्यावर पुढचा पाय टाचेवर फिरू द्या, बूट जमिनीत रुतून राहिला तर सगळा पीळ गुडघ्यात जातो, आणि ती दुखापत लवकर बरी होत नाही.

फोरहँडला, म्हणजे हात बाजूने पुढे आणून फेकायच्या थ्रोला, एकच सांगतो, तळवा वर ठेवा. सोडताना तळवा खाली पलटला की डिस्क डगमगत जमिनीत जाते.

वजनाबद्दल खूप विचारतात. व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम असा पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेचा नियम आहे, म्हणून बहुतेक ड्रायव्हर (लांब फेकायच्या फास्ट डिस्क) १७५ ग्रॅमच्या आसपास थांबतात. प्रो तेच वापरतात पण तुम्ही १६० ते १६५ चा घेतलात तर काही बिघडत नाही, उलट वेग पकडायला सोपं जातं, फक्त वाऱ्यात जरा जास्त सांभाळावं लागतं. आणि प्रो खेळाडूच्या बॅगेत एकाच मोल्डच्या, म्हणजे मॉडेलच्या, तीन-चार डिस्क दिसल्या तर त्या जादाच्या समजू नका. एक नवी कोरी, ती डावीकडे पक्की वळते, एक वापरून गुळगुळीत झालेली, ती सरळ जाते, एक अगदी घासलेली, ती उजवीकडे जाते. आपटून आपटून डिस्कचा स्वभावच बदलतो, साध्या प्लॅस्टिकचा लवकर, प्रीमियमचा हळू. त्यामुळे जुनी डिस्क हरवल्यावर तीच नवी आणली आणि ती वेगळी उडाली तर फॉर्म बदलायला जाऊ नका.

वाऱ्यात पण असाच गोंधळ होतो. समोरून वारा असेल तर डिस्कवर हवा जास्त वेगाने येते, म्हणून टर्न वाढतो आणि ती उजवीकडे पलटते, तिथे जास्त फेडवाली डिस्क घ्या आणि जोर लावू नका. मागून वारा असेल तर उलटं, डिस्क लवकर खाली बसते आणि फेड लवकर येतो, तिथे जास्त टर्नवाली घ्या.

पटिंगमध्ये दर आठवड्याला पटर बदलणं थांबवा. एकाच मॉडेलचे चार-पाच घ्या आणि पाच-सहा मीटरवरून रोज टाका. स्पिन जास्त देऊन टाका किंवा खालून ढकलून, दोन्ही चालतं, रिकी वायसॉकी तर दोन्हींच्या मधलं काहीतरी करून दोन वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालाय. फक्त १० मीटरच्या आत असाल तर डिस्क सोडल्यावर मार्करच्या (आधीची डिस्क जिथे पडली त्या जागेच्या खुणेच्या) मागे तोल सावरून दाखवायचा आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. लांबून उडी मारून पट करायची सवय लागलेले लोक इथेच फाउल करतात.